जुना बॉयलर, नवा थर्मोस्टॅट आणि भिंतीत नसलेली तार

पाणी तापवून घर गरम ठेवणाऱ्या जुन्या बॉयलरला स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान पाहून बॉयलर चालू-बंद करणारे यंत्र, जोडण्याच्या कामात सगळ्यात कमी वेळ खातो तो थर्मोस्टॅट. भिंतीवर त्याची पाटी बसवणे, तारा खोचणे आणि मोबाइलवरून त्याला वाय-फायशी जोडणे हे फार तर तासाभराचे काम आहे. खरा वेळ जातो तो भिंतीतून खाली बॉयलरपर्यंत गेलेल्या दोन तारा नेमके काय करतात हे समजून घेण्यात, आणि तो वेळ खरेदीच्या आधी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोक्यावर ‘बहुतेक सर्व यंत्रणांना चालतो’ असे लिहिलेले असते. जुन्या बॉयलरचा मालक त्या ‘बहुतेक’च्या बाहेर पडण्याची शक्यता बरीच असते.

जुन्या थर्मोस्टॅटचे काम विलक्षण साधे होते. हनीवेलने १९५३ मध्ये बाजारात आणलेला गोल आकाराचा टी८७ हा त्या पिढीतला सर्वांत ओळखीचा नमुना. त्याचे झाकण काढले की आत दोन धातूंच्या जोडपट्टीची एक गुंडाळी दिसते आणि तिच्यावर काचेची एक इवलीशी कुपी बसवलेली असते, जिच्यात पाऱ्याचा एक थेंब असतो. खोली गार झाली की गुंडाळी किंचित वळते, कुपी कलते, पारा घरंगळत जाऊन दोन तारांच्या टोकांवर बसतो आणि सर्किट पूर्ण होते. खोली तापली की हेच उलट घडते. या सगळ्या व्यवहारात थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागत नाही. तो तापमानावर चालणारा निव्वळ एक स्विच आहे, आणि स्विचला दोन तारा पुरतात. म्हणूनच ज्या काळी हे बॉयलर बसले त्या काळी भिंतीत तिसरी तार घालण्याचे कोणालाही कारण पडले नाही.

स्मार्ट थर्मोस्टॅट मात्र पडदा उजळतो, वाय-फायवर बोलतो, वेळापत्रक सांभाळतो आणि त्यासाठी त्याला अखंड वीज लागते. ती कुठून मिळणार, हा या कामातला मुख्य प्रश्न आहे. २४ व्होल्टच्या यंत्रणेत, जी उत्तर अमेरिकेतल्या घरांत सर्रास आढळते, बॉयलरजवळचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर मुख्य वीजपुरवठ्यातून २४ व्होल्टचा एसी प्रवाह तयार करतो. त्याच्या एका टोकाची तार थर्मोस्टॅटकडे येते, तिला ‘आर’ म्हणतात. थर्मोस्टॅटकडून परत जाणारी तार ‘डब्ल्यू’, आणि ती जाऊन मिळते बॉयलरमधल्या रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलला. कॉइलचे दुसरे टोक ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ‘कॉमन’ला किंवा ‘सी’ला, बॉयलरच्या पेटीतच जोडलेले असते. थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज घ्यायची तर त्याला ट्रान्सफॉर्मरची दोन्ही टोके हवीत, पण भिंतीवर पोहोचते एकच. दुसरे खाली पेटीतच राहिलेले असते.

काही कंपन्यांनी यावर जी युक्ती काढली तिला पॉवर स्टीलिंग म्हणतात. बॉयलर बंद असताना थर्मोस्टॅट रिलेच्या कॉइलमधूनच अगदी थोडा प्रवाह ओढतो आणि आपली आतली बॅटरी भरून घेतो. प्रवाह इतका कमी की त्याने रिले खेचला जाऊ नये, अशी अपेक्षा असते. बॉयलर चालू असताना अडचण वाढते, कारण तेव्हा ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ एकमेकांना जोडलेले असल्यामुळे त्यांच्यातले व्होल्टेज जवळजवळ शून्य होते, आणि थर्मोस्टॅटला क्षणाच्या अगदी लहान अंशापुरते सर्किट तोडून तेवढ्यात वीज घ्यावी लागते. नव्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर हे बऱ्याचदा निभावते. जुन्या रिलेवर निभावेलच असे नाही. पेटीला कान लावला तर रिले बारीक गुणगुणताना ऐकू येतो, कधी त्याचे पाते थरथरत राहते, कधी कोणीही उष्णता न मागता बर्नर पेटतो आणि लगेच विझतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे कडाक्याच्या थंडीत, बॉयलर तासन्‌तास चालत असताना, थर्मोस्टॅटची बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि नेमकी गरजेच्या वेळी यंत्रणा बंद पडते. मी याबाबतीत काहीसा कर्मठ आहे: जुन्या बॉयलरवर पॉवर स्टीलिंगच्या भरवशावर राहू नये, मग माहितीपुस्तिका काहीही म्हणो.

तिसरी तार आणण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला आणि उत्तम मार्ग म्हणजे नवी केबल ओढणे. १८ गेजची पाच तारांची थर्मोस्टॅट केबल घ्यावी. आज तीन तारा लागत असल्या तरी उरलेल्या दोन भिंतीत पडून राहिल्याने काही बिघडत नाही. जुन्या केबलला नवी बांधून एका बाजूने ओढावे आणि दुसऱ्या बाजूने सोडत जावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण बांधकामाच्या वेळी जुनी केबल लाकडाला जागोजागी खिळपिनांनी ठोकलेली असेल तर ती तसूभरही हलत नाही, आणि जोर लावला तर तुटते. ओढण्यापूर्वी दोन्ही टोकांना हलकेच हिसका देऊन ती मोकळी आहे का, हे पाहावे. केबल फार जुनी असेल तर तिच्या तारांवर कापडी वेष्टन असते. ते बोटांनी नुसते वाकवले तरी भुकटी होऊन गळते आणि आतले तांबे उघडे पडते. अशी केबल दिसली की दुसऱ्या मार्गाचा विचार न करता ती बदलूनच टाकावी.

दुसरा मार्ग म्हणजे थर्मोस्टॅटजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा २४ व्होल्टचा एसी अ‍ॅडाप्टर. यात थर्मोस्टॅटची वीज एका ट्रान्सफॉर्मरकडून आणि बॉयलरचे सर्किट दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, अशी विभागणी होते, आणि ही विभागणी शेवटपर्यंत पाळली गेली पाहिजे. ज्या थर्मोस्टॅटवर ‘आरएच’ आणि ‘आरसी’ अशी दोन वेगळी टर्मिनले असतात, त्यावर बॉयलरची तार ‘आरएच’ला, अ‍ॅडाप्टरची एक तार ‘आरसी’ला आणि दुसरी ‘सी’ला जाते, आणि त्या दोन टर्मिनलांना जोडणारा तारेचा तुकडा असल्यास तो काढावा लागतो. तो तसाच राहिला तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी जोडले जातात, आणि त्यांची फेज उलट पडली तर काही ठिकाणी २४ऐवजी ४८ व्होल्ट उभे राहतात. थर्मोस्टॅटवर ‘आर’चे एकच टर्मिनल असेल तर मध्ये एक वेगळा रिले घालावा लागतो. थर्मोस्टॅटसोबत खोक्यात येणारी काही ‘तार वाचवणारी’ किट वेगळ्या गरजेसाठी असतात. ती पंखा आणि एअर कंडिशनरसह चालणाऱ्या, चार तारा आधीच असलेल्या यंत्रणांसाठी बनवलेली असतात आणि दोन तारांच्या बॉयलरला त्यांचा उपयोग होत नाही.

आता बॉयलरच्या पेटीकडे. तिथला मुख्य स्विच बंद करून, आणि तो खरोखर बंद झाला आहे हे मल्टिमीटरने तपासून मगच झाकण उघडावे, कारण त्याच पेटीत मुख्य पुरवठ्याची वीज आणि २४ व्होल्टची वीज शेजारी शेजारी नांदत असतात. झाकण उघडल्यावर पहिले काम म्हणजे प्रत्येक जोडणीचा स्पष्ट फोटो काढणे. जुन्या कंट्रोलवर ‘टी’ आणि ‘टी’ अशा खुणांचे दोन स्क्रू असतात आणि थर्मोस्टॅटच्या दोन तारा तिथे येतात. या दोनपैकी ट्रान्सफॉर्मरचे टोक कोणते आणि रिलेचे कोणते, हे खुणांवरून कळत नाही. साध्या स्विचला त्याने फरक पडत नसल्यामुळे बनवणाऱ्याने ते लिहिण्याची तसदी घेतलेली नसते. आपल्याला मात्र फरक पडतो. पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टच्या बाजूच्या दोन तारा शोधाव्यात. त्यांतली एक ‘टी’च्या एका स्क्रूपर्यंत थेट जाते, ती ‘आर’. दुसरी रिलेच्या कॉइलकडे जाते, ती ‘सी’. थर्मोस्टॅटच्या तारा सुट्या करून वीज पुन्हा चालू केली आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून ‘आर’ आणि ‘सी’ यांच्यामध्ये मोजले, तर २४ ते २८ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तारांच्या रंगांवर अजिबात विसंबू नये. लाल म्हणजे ‘आर’ आणि पांढरी म्हणजे ‘डब्ल्यू’ हा संकेत आहे, नियम नाही, आणि पन्नास वर्षांत त्या पेटीत किती जणांनी हात घातला असेल, हे कोणी सांगावे?

‘सी’ तार जोडण्याआधी ‘आर’च्या मार्गात ३ अँपिअरचा एक फ्यूज टाकून ठेवावा. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर बहुधा ४० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) असे लिहिलेले असते, म्हणजे त्याची क्षमता जेमतेम १.६७ अँपिअरची, आणि त्याला स्वतःचा फ्यूज बहुतेकदा नसतो. भिंतीवर काम करताना ‘आर’ आणि ‘सी’ची उघडी टोके एकमेकांना टेकली, तर शॉर्ट सर्किटच्या प्रवाहाने हा स्वस्तातला फ्यूज उडतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

येथे एक फसवी परिस्थिती सांगितली पाहिजे. काही घरांत भिंतीवर आधीच तीन तारा असतात आणि पाहणारा हरखून जातो. पण बॉयलर एकाहून अधिक विभागांना गरम पाणी पुरवत असेल, तर प्रत्येक विभागाच्या पाइपवर मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, आणि त्यांतले काही जुने व्हॉल्व्ह उघडण्यासाठी एक व बंद होण्यासाठी दुसरी अशा दोन आज्ञा मागतात. तिसरी तार त्या ‘बंद हो’ या आज्ञेची असते. ती ‘सी’ला जोडली तर थर्मोस्टॅट चालत नाहीच, शिवाय व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून भलत्याच विभागात उष्णता जात राहते. अशा व्हॉल्व्हसाठी दोन्ही बाजूंना संपर्क देणारा रिले लागतो, किंवा मग व्हॉल्व्हच बदलून स्प्रिंगने आपोआप बंद होणारा बसवावा. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे, कारण इतक्या जुन्या मोटरसाठी नवा रिले बसवणे म्हणजे पुढच्या हिवाळ्याचे काम आजच ठरवून ठेवणे.

ज्या बॉयलरमध्ये पायलटची ज्योत सतत तेवत असते आणि ज्याला विजेची कोणतीही जोडणी दिसत नाही, त्याचे गणित पूर्ण वेगळे आहे. अशा यंत्रणेत ज्योतीत ठेवलेला थर्मोपाइल, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या अनेक थर्मोकपलांचा संच, उष्णतेपासून सुमारे ७५० मिलिव्होल्ट वीज तयार करतो, आणि एवढ्याशा विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. वीज गेली तरी घर उबदार राहते, ही या रचनेची मोठी खुबी. पण २४ व्होल्टच्या तुलनेत हे व्होल्टेज इतके क्षीण आहे की त्यावर स्मार्ट थर्मोस्टॅट चालण्याचा प्रश्नच येत नाही, आणि अनेक मॉडेलांतला इलेक्ट्रॉनिक स्विच हे सर्किट नीट जोडूही शकत नाही. उलट बाजूने, चुकून २४ व्होल्ट त्या गॅस व्हॉल्व्हला दिले तर त्याची कॉइल जळते. उपाय एकच: थर्मोस्टॅटला अ‍ॅडाप्टरवर स्वतंत्र वीज द्यायची, त्याच्या ‘डब्ल्यू’ने २४ व्होल्टच्या एका रिलेची कॉइल चालवायची, आणि त्या रिलेच्या सुट्या संपर्कांनी मिलिव्होल्टचे सर्किट जोडायचे. रिले घेताना संपर्कांवर सोन्याचा मुलामा असलेला घ्यावा. साध्या संपर्कांवर कालांतराने जी पातळ पुटे चढतात ती मोठ्या व्होल्टेजला जाणवत नाहीत, परंतु पाऊण व्होल्टला तेवढाही अडथळा पुरतो. आणि हे करताना वीज गेल्यावरही चालणारी यंत्रणा आपण विजेवर अवलंबून करत आहोत, याची जाणीव ठेवावी. ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी अशा बॉयलरला स्मार्ट थर्मोस्टॅट लावूच नये, असे मी सांगेन.

ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच घरांत भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमध्ये थेट २३० व्होल्ट खेळत असतात. तिथे जो स्मार्ट संच मिळतो तो दोन भागांत येतो: बॉयलरजवळ बसणारा रिसीव्हर आणि खोलीत बसणारा थर्मोस्टॅट. वीज रिसीव्हरलाच मिळत असल्याने तिसऱ्या तारेचा प्रश्न सुटतो, आणि काही संचांत तर खोलीपर्यंत गेलेली जुनी केबल मुख्य पुरवठ्यापासून सोडवून तिच्यावरून थर्मोस्टॅटला १२ व्होल्ट देता येतात. काळजी घ्यायची ती वेगळ्या ठिकाणी. रिसीव्हरचे स्विचचे संपर्क बहुधा सुटे असतात, म्हणजे त्यांच्यात आपोआप कोणतेच व्होल्टेज येत नाही. बॉयलरला आज्ञा म्हणून २३० व्होल्ट हवे असतील तर रिसीव्हरमध्ये लाइव्ह टर्मिनलापासून स्विचच्या ‘कॉमन’ टर्मिनलापर्यंत (हा आधीचा ‘सी’ नव्हे) एक छोटा दुवा टाकावा लागतो. बॉयलरला फक्त सुटा संपर्क हवा असेल तर तो दुवा कटाक्षाने टाळावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या बॉयलरला २३० व्होल्ट दिले की त्याचा बोर्ड तत्क्षणी जातो. बॉयलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला जोडणीचा नकाशा हाच इथे अंतिम शब्द समजावा, आणि तो वाचता येत नसेल तर हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडे सोपवावे. अनेक देशांत गॅसच्या उपकरणाचे आतले काम परवान्याशिवाय करता येत नाही, ही गोष्टही लक्षात असावी.

जोडणी झाल्यावर नवा थर्मोस्टॅट लावण्याआधी एक तपासणी करून घ्यावी, जी दोन मिनिटांत पुढचे कित्येक तास वाचवते. २४ व्होल्टच्या यंत्रणेत भिंतीवरच्या ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन तारा वीज बंद असताना एकमेकींना जोडाव्यात आणि मग वीज चालू करावी. बॉयलर पेटला तर तारा, रिले आणि बर्नर ठीक आहेत, आणि यानंतर काही चालले नाही तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे. पेटला नाही तर थर्मोस्टॅट परत करायला धावण्याचे कारण नाही. दोष खाली आहे.

तारा जिथून भिंतीबाहेर येतात ते भोक बुजवणे हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत ठळकपणे नसते, पण ते फार महत्त्वाचे आहे. भिंतीच्या पोकळीत गार हवा फिरत असते आणि ती त्या भोकातून नेमकी तापमानाच्या सेन्सरवर येते. मग खोली २१ अंशांवर असताना थर्मोस्टॅट १९ दाखवतो आणि बॉयलर उगाच चालत राहतो. थोडी पुटी किंवा कापसाचा बोळा एवढ्याने काम भागते.

थर्मोस्टॅटला ‘सी’ तारेने किंवा अ‍ॅडाप्टरने वीज मिळत असेल तर आणखी एक सोय करता येते. स्विच दोन असले आणि समांतर जोडले तर त्यांतला कोणताही एक बॉयलर पेटवू शकतो. म्हणून एक साधा यांत्रिक थर्मोस्टॅट ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यावर समांतर जोडून ७ किंवा ८ अंशांवर ठेवून द्यावा. स्मार्ट थर्मोस्टॅटचे सॉफ्टवेअर अडकले किंवा त्याचा अ‍ॅडाप्टर गेला, तरी रिकाम्या घरातले पाइप गोठून फुटणार नाहीत. काढलेला थर्मोस्टॅट पाऱ्याचा असेल तर तो या कामासाठी वापरू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. अशा एका कुपीत साधारण ३ ग्रॅम पारा असतो. ती न फोडता घातक कचऱ्याच्या संकलनाकडे द्यावी.

राहिला प्रश्न सेटिंगचा. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये एक बारीक तारेचा रोधक असे, जो बॉयलर चालू असताना गुंडाळीला किंचित जास्त तापवून बॉयलर थोडा लवकर बंद करी, कारण रेडिएटरमधले गरम पाणी बर्नर विझल्यानंतरही खोली तापवत राहते. नव्या यंत्रात हेच काम ‘तासाला किती फेऱ्या’ या सेटिंगने होते: गरम पाण्याच्या बॉयलरसाठी ३, वाफेच्या बॉयलरसाठी १. बऱ्याच यंत्रांत कारखान्यातून येणारा आकडा गरम हवेच्या भट्टीसाठी ५ असतो. तो तसाच राहिला तर बॉयलर सारखा पेटत-विझत राहतो आणि त्याच्या भागांची झीज होते.

रात्री तापमान उतरवून इंधन वाचवण्याची जी सोय मुख्यतः विकली जाते, तिच्याबाबत जुन्या बॉयलरच्या मालकाने हात राखून वागावे. बिडाचे जड रेडिएटर आणि त्यांतले पाणी पुन्हा तापायला बराच वेळ लागतो, आणि त्या काळात बॉयलरकडे परत येणारे पाणी गार असते. परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली राहिले की गॅसच्या धुरातली वाफ बॉयलरच्या आत पाणी होऊन साचू लागते. नव्या कंडेन्सिंग बॉयलरला हेच हवे असते, कारण त्यातून त्याला जादा उष्णता मिळते. जुन्या बिडाच्या बॉयलरला आणि त्याच्या धुराड्याला तेच आम्लधर्मी पाणी गंज आणते. म्हणून रात्रीची उतरण २ ते ३ अंशांपुरती ठेवावी, आणि परतीच्या पाइपवर एक तापमापक बांधून, सकाळी बॉयलर पेटल्यानंतर पाणी ५५ अंशांवर यायला किती वेळ लागतो, हे पाहावे. तो वेळ फार निघाला, तर उतरण आणखी कमी करावी.